मोघे सरांच्या मागून

त्या दिवशी मोघे सर मलकापूर स्टेशनावर गेले ते पार्सल सोडवायला. एवढंच काम. पुण्याच्या छापखान्यातून त्यांच्या पुस्तकाच्या पन्नास प्रती यायच्या होत्या, आणि रात्रीच्या सभेत त्यातली पहिली प्रत पाहुण्यांच्या हातात द्यायची होती.

सरकून बसा पोरांनो. गोपाळ, कंदील बारीक कर, काच काजळून राह्यली. जेवताना तुम्ही मले विचारलं की आपल्या कॉलेजात एवढ्या वर्षांत एकही प्रोफेसर त्या मोठ्या हॉलात व्याख्यान का देत नाही. तुमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना विचारलंत तर ते सांगतील, छप्पर गळतं. छप्पर गळत नाही. सागवान आहे त्याचं, पन्नास वर्षं हलायचं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मोघे सरांनी स्वतः मला पाटीवर लिहून सांगितलं. पाटीवर कशाला, ते कळेलच.

तर सन एकेचाळीस. जानेवारीची तेवीस तारीख, गुरुवार. पौषातला वद्य पक्ष, चंद्र पहाटेशिवाय उगवायचा नाही. कॉलेजचं संमेलन होतं. नागपूरहून युनिव्हर्सिटीचे एक मोठे गृहस्थ सकाळीच येऊन प्रिन्सिपॉलांच्या बंगल्यावर उतरले होते. व्याख्यान चांगलं झालं की मोघ्यांचं पुस्तक बी. ए.ला लागणार आणि मोघे नागपूरला जाणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मोघे होतेही तसे. पुण्याचे, पस्तिशीचे, गोरेपान, कोटाची इस्त्री कधी मोडलेली नाही. आणि वाणी? वाणी अशी की पोरं तासाची घंटा ऐकायची नाहीत. पण या मुलखावर त्यांचा राग होता. आपल्याला इथं कोंबून ठेवलंय, असंच ते वागायचे.

पार्सल घेऊन ते स्टेशनाबाहेर आले तेव्हा पाच वाजले होते. कडूबाची दमणी उभी होती. गठ्ठा आत ठेवला, सर पुढं बसले, बैल निघाले. गाव सुटलं, नाल्याचा उतार आला, तसा कडूबा म्हणाला,

"साहेब, बाईले सांगा मागची दांडी धरून बसा. अथून पुढं लय गचके हायेत."

"कोणती बाई?"

"तुमच्या मागून आली ना टेशनातून. छातीशी वही धरून."

सरांनी मागं पाहिलं. गठ्ठा होता. गठ्ठ्याशेजारी गोणपाट होतं. बाकी कोणी नव्हतं.

"दिवसाढवळ्या पितोस का रे?"

कडूबानं वळून पाहिलं. माळकरी माणूस, दारूला शिवत नव्हता. त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि सात मैल एकदाही मान मागं वळवली नाही.

सरांच्या डोक्यात मात्र 'वही' हा शब्द अडकून बसला.

आता त्या वहीचं सांगतो. त्याच्या चार वर्षं आधी कॉलेजात तीन मुली होत्या. त्या वेळची रीत तुम्हाला माहीत नसेल. मुलींनी वर्गात एकट्यानं शिरायचं नाही. त्या बाहेर एका खोलीत बसायच्या. प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागून चालत यायच्या, डाव्या हाताच्या पहिल्या बाकावर बसायच्या, आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागून बाहेर. पुढं प्रोफेसर, मागं मुली. पोरं म्हणायची, आली वरात.

त्यातली एक कोकिळा. जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. बाप उत्तमराव, मोठा जमीनदार. या हॉलचं सागवान त्यांनीच दिलेलं. पोरीला शिकायची हौस म्हणून तिला इथं तिच्या मावशीकडे, गीताबाईकडे ठेवलं. सावळी, उंच, बोलायला धीट. पण बोलणं आपलं. पहिल्याच महिन्यात मोघ्यांनी काही विचारलं तशी ती उठून म्हणाली, "मले असं वाटते सर..."

"मले नव्हे, मला. आपण इथं वाङ्मय शिकायला आलात की ज्वारी पेरायला?"

वर्ग हसला. ती बसली नाही. उत्तर पुरतं सांगितलं, तेही 'मले'तच, आणि मग बसली. अशी होती.

दोन वर्षं ती सुटीत गावोगाव फिरली. बाया पहाटे जात्यावर दळतात, ओव्या म्हणतात, त्या तिनं लिहून घेतल्या. चारशे बारा ओव्या. प्रत्येक ओवीखाली ती सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, आणि एकेका वऱ्हाडी शब्दाचा अर्थ. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही. माझ्याच लायब्ररीत बसून तिनं ती पक्की केली. मी वाचली होती. मला त्यातली एक अजून पाठ आहे.

सातपुड्याचं वारं, येते माह्या दारावर
माय माही दळते वो, दिवा ठिवून उंबऱ्यावर

ती वही तिनं मोघ्यांना वाचायला दिली. ज्यानं हसं केलं त्यालाच दिली, कारण त्यांच्याइतकं वाचलेला माणूस इथं दुसरा नव्हता. मोघ्यांनी रात्रभर वाचली. सकाळी त्यांना कळून चुकलं की आपण आयुष्यात असं काही केलेलं नाही आणि करणारही नाही. हे त्यांचेच शब्द, पाटीवरचे.

वही परत गेली नाही. तिनं एकदा मागितली, दोनदा मागितली. तिसऱ्यांदा लायब्ररीत, माझ्या टेबलासमोर.

"सर, माही वही द्या."

"कोणती वही? मला काही आठवत नाही."

ती माझ्याकडे वळली. "नारायणराव, तुमी तं पाह्यली ना वही? सांगा ना यायले."

मी... मी पुस्तकांवर शिक्के मारत होतो. ते मारत राहिलो.

आठ दिवसांत उत्तमरावांना पत्र गेलं. कॉलेजच्या कागदावर, मोघ्यांच्या अक्षरात. आपली कन्या पुरुष विद्यार्थ्यांशी मोकळेपणानं वागते, कुलाच्या अब्रूस्तव तिला घरी न्यावं. उत्तमराव गाडी घेऊन आले. पोरीला एक शब्द बोलू दिला नाही. महिन्याच्या आत तिचं लग्न लावून टाकलं, वयानं दुप्पट असलेल्या बिजवराशी. पुढच्या भाद्रपदात ती हिवतापानं गेली. गीताबाई शेवटी जवळ होती. तिनं मला सांगितलं, तापात पोरगी एकच बोलायची. "वही सांगन. वहीनं नाई सांगतलं तं मी सांगन."

आणि मोघ्यांचं पुस्तक छापून झालं. चारशे बारा ओव्या, चारशे बारा टिपा. बायांची नावं तेवढी गाळली. वर नाव, प्रोफेसर चिंतामण मोघे.

बरं. दमणी कॉलेजात पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सरांनी तोंड धुतलं, कोट बदलला. स्टाफरूममध्ये गठ्ठ्याची सुतळी कापून एक प्रत काढली. कोरा वास. त्यांना बरं वाटलं. सव्वाआठला शिपाई सांगायला आला, सगळे बसले, चला.

स्टाफरूमपासून हॉलपर्यंत लांब व्हरांडा आहे, तुम्ही रोज जाता. त्या रात्री तिथं एकच कंदील होता, मधल्या खांबाला. सर निघाले. दहा-बारा पावलं गेले असतील.

मागून पावलं आली.

बायकी. हलकी. जोडव्यांचा आवाज फरशीवर... टिक, टिक. घाई नाही. चार हातांचं अंतर राखून. मुली राखायच्या तेवढंच.

सर थांबले. पावलं थांबली.

कॉलेजात तेव्हा एकही मुलगी नव्हती. उत्तमरावांच्या पोरीचं झालं त्यानंतर कोणत्याच बापानं धाडली नव्हती.

त्यांनी वळून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. पाहावलं नाही. ते चालायला लागले. टिक, टिक. ते दारातून आत गेले. पोरं उठून उभी राहिली. सर मंचावर चढले. आणि खुर्चीवर बसलेले नागपूरचे पाहुणे प्रिन्सिपॉलांच्या कानाशी वाकून हसत म्हणाले,

"तुमच्याकडे मुलीही आहेत वाटतं. छान. एकच आहे का?"

प्रिन्सिपॉलांनी डाव्या हाताच्या पहिल्या बाकाकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. मी पण पाहिलं. बाक रिकामा होता. पण त्याच्या मागच्या बाकावरची पोरं... ती दाटीनं एका कडेला सरकून बसली होती. का सरकली, नंतर विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही.

शेवटच्या रांगेत उत्तमराव होते. सागवान दिलेलं, म्हणून दरवर्षी निमंत्रण जायचं. त्या वर्षी पहिल्यांदा आले. काठीवर हनुवटी टेकून बसले होते. पोरीनंतर पार खचले होते.

मोघ्यांनी सुरुवात केली. "सन्माननीय अध्यक्षमहाराज, गुरुजन आणि विद्यार्थिमित्रहो." तोच आवाज, घंटेसारखा. त्यांचा जीव भांड्यात पडला. वऱ्हाडच्या लोकवाङ्मयावर पाच-सहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. मग पुस्तक उघडलं, पहिली ओवी वाचायला.

"सातपुड्याचं वारं, येते माह्या दारावर..."

पहिली ओळ त्यांनी वाचली.

दुसरी ओळ त्यांच्या तोंडातून आली. पण ती त्यांनी वाचली नाही.

बाईचा आवाज. तरणा. जात्यावर बसल्यावर श्वास जसा लांबतो तसा लांब. माय माही दळते वो... पोरांना वाटलं सर नक्कल करतायत. हशा पिकला. पाहुणेही हसले. सरांनी पाण्याचा पेला घेतला. घोट गिळला. म्हणाले... म्हणजे म्हणायला गेले, 'हे संकलन मी'...

तोंडातून आलं, "हे माह्यं होय."

हशा थांबला.

सरांनी तोंडावर हात दाबला. हाताखालून आवाज आला. अस्साच्या अस्सा. स्वच्छ.

"ही ओवी मनकर्णाबाईची. थ्या आता नाई राह्यल्या. दुसरी वच्छलाबाईची. तिसरी पुष्पाबाईची, थे आंधळी हाये, तिनं मले चाळीस सांगतल्या. यायनं नावं पुसली. सगळ्यायची पुसली."

एकेक नाव. एकेक गाव. हॉलमध्ये दोनशे माणूस... श्वास ऐकू येत होता. मोघ्यांचे डोळे मी पाहिले. ते डोळे मोघ्यांचेच होते. आत कोंडलेला माणूस खिडकीशी येऊन पाहतो ना... तसे.

मागं काठी पडली.

उत्तमराव उभे होते. "कोकिळे..."

"बाबा, थ्या कागदात होतं थे खोटं होतं. तुमी मले इचारलं नाई."

म्हातारा पुढचा बाक धरून उभाच राहिला. खरंच, विचारलं नव्हतं.

"तुमी बसा बाबा. माह्यं काम तुमच्याशी नाई."

आणि मोघे मंचावरच हळूच खाली बसू लागले. कोणी धरून बसवावं तसे. मांडी घातली. एक पाय लांब केला. बाया दळायला बसतात तसा. कोट घातलेला, इस्त्रीचा. उजवा हात पुढं गेला आणि हवेत काहीतरी धरलं. धरलं, आणि ओढू लागला. गोल. गोल.

गॅसबत्ती फुरफुरली. उजेड तांबडा झाला.

घर्र... घर्र...

लाकडी मंच तो. त्यावर दगड नाही, धोंडा नाही. घर्र... घर्र... आणि वरून तो आवाज.

दळलं म्या रातभर, पीठ नेलं चोरट्यानं
आता बस जात्यावर, ओढ खुंटा जोडीनं

ही ओवी वहीत नव्हती. मी सांगतो, नव्हती.

किती वेळ चाललं, ठाऊक नाही. बत्ती विझली. कोणीतरी ओरडलं, बाक पडले, धावाधाव झाली. शिपायानं व्हरांड्यातला कंदील आणला. मोघे सर मंचावर आडवे होते. श्वास चालू होता. उजवी मूठ घट्ट आवळलेली. दोघांनी मिळून बोटं सोडवली. आत, बोटांच्या मुळाशी, फोड होता. पाण्यानं टम्म. पेनापेक्षा जड काही न धरलेला तो हात.

सर वाचले. पण वाचा गेली. एक अक्षर पुन्हा उमटलं नाही, पुण्याच्या बोलीतलंही नाही आणि आपल्या बोलीतलंही नाही. उत्तमरावांनी त्या पन्नास प्रती आपल्या हातानं, इथंच मागच्या आवारात जाळल्या. पाहुणे दुसऱ्या सकाळच्या गाडीनं गेले. नंतर त्यांचं पत्रसुद्धा आलं नाही. मोघे पुण्याला परत गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार? शेगावला एक खोली घेऊन राहिले. हातात पाटी. भाजीवाल्याशी पाटी, वाण्याशी पाटी.

गेल्या साली मार्गशीर्षात त्यांचा निरोप आला म्हणून मी गेलो. माणूस वाळून काटकी झाला होता. उजव्या हाताला फडकं. मी विचारलं, हे काय? त्यांनी लिहिलं, "रोज पहाटे." मी म्हटलं, सर, झोपेत भिंतीवर हात घासत असाल. त्यांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, "आज इथं निजा."

तेव्हाच सगळी हकिकत लिहून सांगितली. पाटी भरायची, पुसायची, पुन्हा भरायची. शेवटी मी विचारलं, ती दिसते का? त्यांनी खडू उचलला... आणि ठेवून दिला.

मी दार आतून लावलं. खिडकी लावली. त्यांच्या खाटेला लागूनच माझं अंथरूण टाकलं. फडकं सोडून पाहिलं. तळवा कोरडा होता, जुने घट्टे तेवढे. तो हात मी माझ्या दोन्ही हातांत घेतला. म्हटलं, सर, निजा आता. मी सोडत नाही.

नाही सोडला. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बाराचे ठोके ऐकले, दोनचे ऐकले, चारचे ऐकले. सर गाढ होते. हात एकदाही हलला नाही. कसलाच आवाज आला नाही. पाचच्या सुमारास गावात कुठं तरी कोंबडा आरवला, तेव्हा मी दिवा वर केला आणि माझी बोटं उघडली.

त्यांच्या तळव्यावर फोड होता. ताजा.

आणि एक माझ्या.